पुढची जागा

विमलबाईंना आपण चांगल्या आहोत याची पक्की खात्री होती, आणि खरं सांगायचं तर त्या होत्याही. बारामतीत कर्णबधिर मुलांची एक निवासी शाळा होती, तिथं त्या सोळा वर्षं शिकवत होत्या. मुलांच्या पंगतीत बसून जेवायच्या. सुट्टीवरून परतलेल्या पोरींच्या डोक्यातल्या उवा स्वतः काढायच्या. कोणाचं आडनाव काय, गावात घर कुठल्या बाजूला, असले प्रश्न त्यांनी कधी विचारले नाहीत. अशा माणसाच्या हातून चूक झाली की ती लवकर सापडत नाही, कारण तिथं कोणी शोधायलाच जात नाही. ते माणूस स्वतः तर नाहीच नाही.

शाळेत हातांचा तास सुरू झाला तोही त्यांच्यामुळेच. त्याआधी शाळेचा एकच मंत्र होता: बहिऱ्या मुलाने तोंडानेच बोललं पाहिजे. ओठ बघा, बाईंच्या घशाला हात लावून थरथर समजून घ्या, 'प' म्हणताना मेणबत्तीची ज्योत हलली पाहिजे. हात उचलला की बोटांवर पट्टी. पोरं वर्गात हात मांडीखाली दाबून बसायची आणि सुटी झाली की नळावर, जेवणाच्या रांगेत, हातांनी मनसोक्त गप्पा हाणायची. पहिली चौदा-पंधरा वर्षं विमलबाईंनीही पट्टी चालवली होती. मग त्र्याण्णव साली त्या महिनाभराच्या प्रशिक्षणाला मुंबईला गेल्या. तिथं एका बहिऱ्या माणसाने आपल्या आईच्या आजारपणाची गोष्ट नुसत्या हातांनी सांगितली आणि विमलबाई सगळ्यांसमोर ढसाढसा रडल्या. परत आल्या त्या मुख्याध्यापकांच्या मागे हात धुऊन लागल्या.

मुख्याध्यापक दत्तोपंत भांडणाला कंटाळणारे गृहस्थ होते. म्हणाले, "एक तास घ्या. तिसरा. पण तपासणीला साहेब आले की बंद." अशा रीतीने तिसरा तास हातांचा झाला.

चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये मोनाली शाळेत आली. इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीची, दहा वर्षांची, वयाच्या मानाने उंच. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. गावच्या शाळेत चार वर्षं नुसती बसून आली होती, त्यामुळे भाषा म्हणावी अशी काही नव्हतीच तिच्याजवळ. आजीशी पाणी, भूक, ये, जा एवढ्या खुणा. पहिल्याच दिवशी बाकीची पोरं पुढच्या बाकासाठी एकमेकांचे कपडे ओढत होती, तेव्हा ही सरळ मागे गेली आणि शेवटच्या बाकावर, भिंतीला पाठ टेकून बसली. विमलबाईंना बरंच वाटलं. एक भांडण कमी झालं.

आणि ती पोरगी शिकली म्हणजे काय शिकली! एकदा पाहिलं की तिला आलंच. एकदा विमलबाईंनी गोष्ट सांगितली, कोंबडी उसाच्या ट्रॉलीत बसून चुकून कारखान्यावर पोचते, ती. दुसऱ्या दिवशी मोनालीने ती अशी काही करून दाखवली, कोंबडीचा तो ताठा, मुकादमाची मान, की पोरं बाकांवर लोळली. विमलबाईंच्या टाचणवहीत त्या दोन महिन्यांत तिच्या नावापुढे पाच वेळा 'उत्तम' लिहिलेलं आहे. एवढंच होतं की ती धांदरट होती. कोणावर तरी आदळायची, पायरी चुकायची. संध्याकाळी पोरं मैदानात गेली की ही खोलीच्या दाराशी बसून राहायची. घरची आठवण येत असेल, असं विमलबाईंनी आपलं ठरवून टाकलं.

ऑगस्टमध्ये एके दिवशी, ऐन तिसऱ्या तासाला, वर्गाच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात केळ्यांची पिशवी. मोनालीचे वडील, सोमनाथ. इंदापूरला सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांनी वर्गावरून नजर फिरवली, लेकीला शोधलं, ती सापडली सगळ्यांच्या मागे. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"बाई, माझी पोरगी मागं का?"

"ती आपण होऊन बसते तिथं." खरं तेच होतं.

सोमनाथ हसले. ते हसणं काही बरं नव्हतं. "आमी कायम आपण होऊनच मागं बसलो, बाई. माझा बाप, धोंडीबा, शाळंच्या व्हरांड्यात चपला काढायच्या जागी बसून दुसरीपतुर शिकला. त्यालाबी कुणी हाताला धरून न्हवतं बसवलं तितं. आपण होऊनच बसला."

विमलबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सोळा वर्षांची पंगत, त्या उवा, तो भांडून मिळवलेला तास, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि हा माणूस दारात उभं राहून त्यांना हे ऐकवत होता! "तुम्ही काय बोलताय कळतंय का तुम्हाला? माझ्या वर्गात असलं काही नसतं. कोणालाही विचारा."

"मला कुणाला इचारायचं न्हाय. पोरगी पुढं पायजे."

"उद्यापासून पुढे. अगदी माझ्या पुढ्यात. झालं समाधान?"

"झालं." सोमनाथ जरा घुटमळले. आवाज खाली आला. "आन दुसरं जरा बोलायचं हुतं. सांजच्याला ती—"

"दुसरं काही असेल ते मुख्याध्यापकांकडे लेखी द्या," असं म्हणून विमलबाईंनी फळ्याकडे तोंड फिरवलं.

केळ्यांची पिशवी दारात ठेवून सोमनाथ निघून गेले. लेखी त्यांनी काही दिलं नाही. आणि दोघांनाही एक साधी गोष्ट सुचली नाही. जिच्यावरून एवढं चाललं होतं ती पोरगी दहा पावलांवर बसून दोघांच्या तोंडांकडे बघत होती. तिलाच विचारावं, पोरी, तुला कुठं बसायचंय, हे कोणाच्या मनात आलं नाही. सोमनाथना हातांची भाषा येत नव्हती, त्यांचं सोडा. विमलबाईंना येत होती.

दुसऱ्या दिवशी मोनाली पहिल्या बाकावर, मधोमध, विमलबाईंनी हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर बसली. म्हणजे बसवली. तिसऱ्या दिवशी बाई वर्गात येतात तो ही पुन्हा मागे. विमलबाईंनी दंडाला धरून पुढे आणली. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. मग हा रोजचाच कार्यक्रम झाला. पोरगी बाकाची कड घट्ट धरून ठेवायची, विमलबाई एकेक बोट सोडवायच्या. त्या तिला हातांनी सांगायच्या, पुढे बसणं हा तुझा हक्क आहे. आणि मनात म्हणायच्या, बघा म्हणावं आता येऊन, कोण कोणाला मागे बसवतंय.

पण मोनालीला समजेनासं झालं. बाईंचे हात चालू असले की ती मान इकडून तिकडे फिरवायची, अर्धीच खूण परत करायची, भलतंच उत्तर द्यायची. तिला कळत नाही म्हटल्यावर विमलबाई आणखी जवळ जायच्या, तिच्यासमोर वाकून हात मोठे मोठे करून तेच पुन्हा दाखवायच्या. ती आणखीच गोंधळायची. बाकीची पोरं हसायला लागली. दिवाळीनंतर मोनालीने हात उचलणंच सोडलं. टाचणवहीत तर जागा बदलल्यापासूनच वेगळे शेरे पडू लागले होते: 'लक्ष नाही.' 'नजर स्थिर नाही.' 'हट्टी.' विमलबाईंनी जीव तोडून शिकवलं, यात शंका नाही. शेवटी त्यांनी हात टेकले.

शहाण्णवच्या एप्रिलमध्ये पुण्याहून बुद्धिमापनाचे साहेब आले. छोट्या टेबलाच्या एका बाजूला मोनाली, समोर साहेब, आणि साहेबांचे प्रश्न हातांनी सांगायला शेजारी विमलबाई, सगळी गुडघ्याला गुडघा लावून. मोनालीने चाळीसातले सहा बरोबर दिले. दाखल्यावर 'मंदबुद्धी' असा शिक्का आला. दत्तोपंत म्हणाले, "ही आपल्याकडची केस नाही, विमलताई. एका हुशार मुलाची जागा अडते." मुलीला शाळेतून काढायच्या शिफारशीवर वर्गशिक्षिकेची सही लागते. विमलबाईंनी ती केली. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही, मग जायला लागलं.

अठ्ठ्याण्णवच्या संक्रांतीला त्या इंदापूरला भाचीकडे हळदीकुंकवाला गेल्या होत्या. भाची म्हणजे सई, डोळ्यांची डॉक्टर, नुकताच तिने तिथं दवाखाना थाटला होता. बायका पांगल्यावर सई तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन शेजारी बसली.

"मावशी, गेल्या आठवड्यात निरवांगीची एक मुलगी आणली होती तिच्या आजीने. ऐकू न येणारी. तुमच्या शाळेत होती म्हणे. मोनाली."

"होती. गोड पोर, पण बिचारी मंद."

"मंद? असं कोण म्हणालं? तिला दिसत नाही गं नीट. तेही आत्ताचं नाही, लहानपणापासून कमी कमी होत आलंय. असतो असा आजार. जन्मतः बहिरेपण, आणि पुढे डोळे. आधी संध्याकाळचं दिसेनासं होतं, मग बाजूचं जातं. समोरचं तेवढं उरतं, नळीतून बघितल्यासारखं." विमलबाईंच्या चेहऱ्यावर काही उमटेना म्हणून सईने भिंतीवरचं नवं कॅलेंडर काढलं, त्याची बारीक सुरळी केली आणि मावशीच्या हातात दिली. "एक डोळा मीट. आता यातून बघ. मी दिसते?"

"तुझं नाक दिसतंय."

"आणि हात?"

"हात नाही दिसत."

"मी हलवतेय ते. बरं, आता बघत बघत मागे जा. जा की, दारापर्यंत जा."

विमलबाई एकेक पाऊल मागे सरकल्या. सुरळीतल्या त्या वाटोळ्या भोकात सईची हनुवटी आली, मग खांदे, मग हात, मग बोटं. दाराला पाठ टेकली तेव्हा अख्खी सई दिसली. लहान दिसली, पण अख्खी.

"म्हणून अशी मुलं लांब गेलेली बरी असतात," सई वड्या डब्यात रचत म्हणत होती. "काही तर आपलं आपणच शोधून काढतात, कुठं बसलं की दिसतं ते. तुमच्या वर्गात कुठं बसायची ही?"

विमलबाईंनी सुरळी डोळ्यावरून खाली घेतली. मग त्यांनी विचारलं, "किती दिवस दिसेल तिला?"

"उजेडातलं, समोरचं? वर्षभर. फार तर दोन. औषध नाही त्यावर."

बारामतीला परतल्यावर त्यांनी कपाटाच्या तळातून चौऱ्याण्णव सालची टाचणवही काढली. अक्षर त्यांचंच, निळ्या शाईचं, वळणदार. जून, जुलै, उत्तम, उत्तम. अकरा ऑगस्टला एक ओळ होती: 'पालक येऊन गेले. मोनालीची जागा बदलली.' आणि त्याच्या पुढच्या पानापासून 'लक्ष नाही'. मधे एकही दिवस गेला नव्हता. पोरीने काय केलं, किती केलं, हे त्यांनी इमानेइतबारे रोज लिहून ठेवलं होतं, आणि ते वाचायचं मात्र राहून गेलं होतं. एका शेवटच्या बाकावर ती मुलगी भाषा शिकत होती. तिथून आपण तिला रोज उचलून आणली आणि वर मंद म्हणून सही दिली. विमलबाईंना स्वतःची किळस आली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्या इंदापूरची एसटी धरून, तिथून दुसरी गाडी बदलून निरवांगीला गेल्या. दोन गोष्टी करायच्या असं ठरवून निघाल्या होत्या. पोरगी मंद नाही हे तिच्या बापाला सांगायचं. आणि डोळे आहेत तोवर दर रविवारी येऊन तिला जेवढी देता येईल तेवढी भाषा द्यायची. पुढे हातात हात घेऊन बोलता येतं, पण आधी भाषा तर हवी. तेरा वर्षांच्या मुलीजवळ दोन महिन्यांचे शब्द होते, आणि दिवस मोजके होते.

घर नुकतंच रंगवलेलं होतं. आत बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, दोन्हींना ताजे हार. ओट्यावर पाटी मांडीशी घेऊन मोनाली शेंगा फोडत होती, बोटांनी चाचपून. विमलबाई सवयीने जवळ गेल्या, हात हलवले, आणि लक्षात आल्याबरोबर दहा-बारा पावलं मागे, पार अंगणाच्या कडेला गेल्या. तिथून उन्हात उभं राहून त्यांनी विचारलं, कशी आहेस? मोनालीने डोळे बारीक केले. मग तिचा चेहरा असा उजळला की विमलबाईंना बघवेना. तिने शेंगा टाकल्या, दोन्ही हात वर केले आणि एका दमात काहीबाही विचारायला लागली. अर्ध्या खुणा शाळेतल्या, अर्ध्या तिच्या तिनेच पाडलेल्या.

तेवढ्यात सोमनाथ बाहेर आले. मागोमाग आजी अक्काबाई, पदराला हात पुसत. "या की बाई, बसा. च्या टाकते." विमलबाईंनी मोनालीकडे वळून एकच खूण केली, थांब. आधी वडिलांशी बोलते, मग तुझ्याशी. पोरीने मान डोलावली आणि पुन्हा शेंगा हातात घेतल्या.

चहा झाला. सोमनाथ बदलले होते. ती तेढ राहिली नव्हती. आवाजात उलट एक अवघडलेली नम्रता होती, आणि ती विमलबाईंना रागापेक्षा जड गेली.

"त्या दिशी मी लई तोडून बोललो, बाई. पर तुमी पोरीला पुढं बसवली. शब्द पाळला. म्यॅडम लोकं इसरत्यात, तुमी न्हाय इसरला. पुढं बसूनबी तिला आलं न्हाय, तर मग डोकंच कमी म्हणायचं. त्यात तुमचा काय दोष? आता डोळं चाललं. आमी आपलं मनाला लावून न्हाय घेत."

"आमचं चालतंय हातात हात घालून," अक्काबाई म्हणाल्या. "भूक लागली का, तर पोटावर हात. पानी, तर अंगठा. शानी हाय माझी बाय. पर ह्यो म्हणतो, दाखल्यावर लिवलंय."

पावणेपाचची गाडी होती. काही न बोलता, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून निघता आलं असतं. मोनाली मंद नाही हे सांगायचं म्हणजे, मग तिला आलं का नाही, हेही सांगावं लागणार होतं. आणि ते सांगितलं की बापाच्या हाताशी उरलेली एकच समाधानाची गोष्ट, ती पुढची जागा, तीच काढून घ्यावी लागणार होती. विमलबाईंनी मनातल्या मनात दोनदा उठून पाहिलं. मग त्यांनी कोपऱ्यातलं वर्तमानपत्र ओढलं आणि त्याची बारीक सुरळी केली.

"सोमनाथराव, एक डोळा मिटा. यातून बघा माझ्याकडे."

"निस्तं तोंड दिसतंय. त्येबी निम्मं."

"आता उठा, आणि बघत बघत मागे जा."

सोमनाथ मागे गेले. ओट्यावरून उतरले, अंगणात गेले, शेळीच्या खुंटापाशी थांबले. सुरळी डोळ्यालाच होती. "हां," ते म्हणाले, "आता दिसताय समद्या." कचेरीत वीस वर्षं कागद वाचणारा माणूस होता, त्याला उलगडून सांगावं लागलं नाही. सुरळी हळूहळू खाली आली.

"म्हंजी मागंच बराबर हुती ती."

"हो."

"म्हंजी मीच."

"नाही. शिक्षक मी होते."

"तुमी तर म्हणालावता, आपण होऊन बसती." सोमनाथ खुंटापाशीच उभे होते. मग त्यांचा आवाज चढला. "मग रेटून का न्हाय सांगितलं? माझा एक शब्द लागला म्हणून पोरीला रोज वढून पुढं आणली? कुणासाठी? तिच्यासाठी का मला दावायला?"

विमलबाईंना खोटं बोलता आलं असतं. "तुम्हाला दाखवायला," त्या म्हणाल्या. "माझा अपमान झाला होता. तुम्ही दुसरं काही सांगत होतात, तेही मी ऐकून घेतलं नाही."

"सांजचं दिसत न्हाय, ह्येच सांगत हुतो. त्यासाठीच आलतो म्या. दारातनं ती मागं दिसली आन डोकं फिरलं." ते येऊन ओट्याच्या कडेला बसले. "आबा सांगायचा, चपलांच्या जागंवरनं फळा तिरका दिसायचा, आकडं कळायचं न्हाईत. मला वाटायचं, पुढं बसलं की झालं. पुढं बसलं की समदं दिसतं. बारा वर्साचा हुतो तवापास्नं मला त्येच वाटतंय."

गाडी निघून गेली होती. त्या सांगत राहिल्या, दत्तोपंतांना भेटेन, दाखला रद्द करून घेईन, दर रविवारी येईन. सोमनाथ मधूनमधून विचारत राहिले, डोळ्यांचं खरंच काही होत नाही का, मुंबईला नेली तर, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारत राहिले. अक्काबाई एकदा डोळे पुसून घेत म्हणाल्या, "म्या सांगत हुते, शानी हाय." मग त्या चुलीकडे गेल्या.

"बाई," सोमनाथ शेवटी म्हणाले, "चुकलं, ह्ये हातानं कसं म्हणत्यात?"

"दोन्ही कान धरायचे, आणि मान खाली. एवढंच. तिला कळेल."

सोमनाथ उठले. जवळून करून उपयोग नाही हे त्यांना आता ठाऊक होतं. ते मोजून मागे गेले, खुंटाच्याही पलीकडे, लेकीच्या बरोबर समोर उभे राहिले. त्यांनी दोन्ही हातांनी कान धरले आणि मान खाली घातली. मोनालीचं तोंड त्यांच्याकडेच होतं, पण तिने काहीच केलं नाही. त्यांनी मान वर करून पाहिलं, कान सोडले, पुन्हा धरले. तिसऱ्यांदा धरले तेव्हा ते गुडघ्यात वाकले.

विमलबाईंनी वर पाहिलं. सूर्य केव्हाच उसामागे गेला होता. त्यांना स्वतःला अजून सगळं स्वच्छ दिसत होतं, शेळी, पाटी, सोमनाथांचा पांढरा शर्ट, म्हणून कळलं नव्हतं. दुपारी तीनपासून तिघं बोलत होती, ज्यांना ऐकू येतं ती तिघं. तिच्याबद्दलच बोलत होती. तिला मात्र त्यांनी दुपारभरात एकच शब्द दिला होता, थांब, आणि ती थांबली होती. उजेड होता तोपर्यंत थांबली होती.

मोनालीने शेंगांची पाटी बाजूला सारली. हनुवटीला बोट लावलं. विमलबाईंच्या हनुवटीवर तीळ होता, त्यावरून पोरांनी त्यांना ते नाव ठेवलं होतं. मग तिने तळहात छातीपासून लांब नेला आणि भुवया उंचावून, समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत, उत्तराची वाट पाहत बसली. थोड्या वेळाने तिने तेच पुन्हा केलं.

"काय म्हणती?" सोमनाथनी लांबूनच विचारलं. त्यांचे हात अजून कानांवर होते.

"विचारतेय," विमलबाई म्हणाल्या, "बाई गेल्या का म्हणून."

त्या तिच्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या.